हसा, पण खडा मारू नका!

दोस्तांनो,

‘पडदा आणि आपण’ या सदरासाठी दर आठवड्याला तुमची पत्रं येतात. कुणाला आवडत्या नटाचा पत्ता हवा असतो, तर कुणाला सिनेमात पाऊस कसा पाडतात ते जाणून घ्यायचं असतं. या आठवड्यात मात्र एक वेगळंच पत्र आलंय. धुळ्याहून. पत्र लिहिणारा आठवीत आहे. ‘नाव छापू नका’ असं त्याने दोनदा लिहिलंय आणि दुसऱ्यांदा त्याखाली रेघही मारली आहे. तेव्हा नाव नाहीच.

झालं असं, की गेल्या वर्षी त्याच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजा हरिश्चंद्राची नाटिका बसवली होती. शाळा मुलांची. मग तारामती कोण होणार? बाईंनी या मुलाला उभं केलं, कारण त्याचं पाठांतर चांगलं आणि आवाज गोड. आईने आपली हिरवी साडी दिली, केसांचा टोप भाड्याने आणला. प्रयोग झकास झाला. रोहिदासाच्या मृत्यूच्या प्रसंगाला पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्याला बक्षीसही मिळालं.

आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव पडलं ‘तारा’! मधल्या सुट्टीत तारा, कबड्डीच्या मैदानावर तारा. फळ्यावर कुणीतरी बांगड्यांचं चित्र काढून खाली बाण काढून त्याचं नाव लिहिलं. बाबा म्हणाले, “झालं एवढं पुरे, पुन्हा असले धंदे नकोत.” आता यंदाच्या गॅदरिंगची तयारी सुरू झाली आहे आणि बाईंनी पुन्हा त्यालाच विचारलंय. पत्राच्या शेवटी तो विचारतो, “काका, मला अभिनय आवडतो. मी भाग घेऊ की नको? आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच दुसऱ्या दिवशी का चिडवतात?”

पत्र वाचलं आणि मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

मी तेव्हा सहावीत होतो. आजोळ अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. गावच्या यात्रेत तमाशाचा फड आला होता. गॅसबत्त्यांच्या उजेडात, ढोलकीच्या तालावर रात्रभर वग चालायचा. त्या फडात एक नाच्या होता. नाच्या म्हणजे बायकी हावभाव करून लोकांना हसवणारा पुरुष नट. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला रे राहिला की सगळं गाव खो खो हसायचं. आम्ही पोरं तर लोळायचो. हसता हसता कुणीतरी त्याला खडा मारला. मग आणखी एक. आणि खरं सांगायचं तर माझ्या हातातही खडा होता. तो मी मारला. कुठे लागला ते दिसलं नाही. त्याने नाच थांबवला नाही.

सकाळी आजोबांबरोबर एसटीच्या थांब्यावर गेलो, तर तिथे तो! धोतर-सदरा घातलेला, शेजारी पत्र्याची पेटी, डोळ्यांत रात्रीचं काजळ थोडं राहिलेलं. कपाळावर एक लाल खूण. मी आजोबांच्या मागे लपलो. त्याने मला पाहिलं आणि हसून अहिराणीत विचारलं, “रातले तमाशा दखा का रे भाऊ? हासना का?” मी मान हलवली. तो म्हणाला, “हासना ते चांगलं जयं. आम्हनं कामच शे ते. पन खडा नको मारू रे भाऊ, डोयाले लागी जाई.”

म्हणजे, हसलास ते चांगलं झालं, आमचं कामच आहे ते. पण खडा नको मारू, डोळ्याला लागेल.

त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. एसटी आली आणि तो गेला. पण ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं. आजही पडद्यावर कुणी पुरुष लुगडं नेसून येतो किंवा कुणी बाई फेटा बांधून येते, तेव्हा मी स्वतःला विचारतो, हा सिनेमा मला हसायला सांगतोय, की माझ्या हातात खडा देतोय?

आज हीच दृष्टी घेऊन काही चित्रपट पाहू या. जुन्या काळाचे कपडे आणि जुन्या काळाचे दिवे असलेले ऐतिहासिक, पौराणिक चित्रपट आपण आवडीने बघतो ना? त्यांतूनच हा प्रश्न छान उलगडतो.

पहिली तारामती कोण?

आपल्या धुळेकर दोस्ताला वाचून आनंद होईल, की भारतीय चित्रपटातली पहिली तारामतीसुद्धा एक पुरुषच होता!

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. तारामतीच्या कामासाठी फाळक्यांनी खूप शोधाशोध केली, पण एकही स्त्री तयार होईना. त्या काळी चांगल्या घरच्या बाईने तोंडाला रंग लावणं म्हणजे पाप समजत. शेवटी मुंबईतल्या एका हॉटेलात स्वयंपाक्याचं काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांना सापडले. अंगकाठी सडपातळ, हात नाजूक. झाले ते तारामती!

पण एक पंचाईत होती. मिशांची! स्त्रीपात्रं करणारे पुरुष मिशी काढायला तयार होईनात. वडील वारल्यावरच मिशी उतरवायची असा समज. फाळक्यांना केवढी मनधरणी करावी लागली! ही सगळी धमाल तुम्हाला परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात बघायला मिळेल. तो अवश्य बघा, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा. तो बघताना एक गंमत ध्यानात घ्या. साड्या नेसलेले ते मिशाळ बाप्ये बघून आपण पोट धरून हसतो. पण हसू येतं ते साडीला नाही, मिशीच्या ऐटीला येतं. साडी नेसायला तयार, पगार घ्यायला तयार, पण मिशीला हात लावायचा नाही! म्हणजे इथे चेष्टा झाली ती मर्दपणाच्या पोकळ बढाईची. कुणाच्या डोळ्याला लागेल असा खडा या हसण्यात नाही.

पुढे १९१७ साली फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी एक विक्रम केला. त्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामं केली! एकाच माणसात राम आणि सीता. प्रेक्षकांनी दोघांनाही मनापासून हात जोडले.

पण एक गोष्ट विसरायची नाही. पुरुषांनी साडी नेसली, कारण बायकांना दार बंद होतं. ते दार पहिल्यांदा ढकललं ते फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या दुसऱ्या चित्रपटात, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी. हीच कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून प्रसिद्ध झाली. विक्रम गोखले हे तिचे नातू. या मायलेकींनाही त्या काळी लोकांचे कमी टोमणे सोसावे लागले नसतील. स्त्रीचं काम करणाऱ्या पुरुषाला हसायचं आणि स्वतः काम करायला आलेल्या स्त्रीला नावं ठेवायची, अशी ही दुहेरी गंमत!

जळगावचा विद्यार्थी

आता जळगावकर दोस्तांनी कान टवकारा. तुमच्या गावातलं बालगंधर्व खुलं नाट्यगृह तुम्हाला ठाऊक असेलच. ते ज्यांच्या नावाचं, ते नारायण श्रीपाद राजहंस (१८८८ ते १९६७) लहानपणी काही काळ जळगावात होते आणि तिथे मेहबूब खाँ यांच्याकडे ते गाणं शिकले. या मुलाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटलं, आणि तेच नाव कायमचं झालं. जळगावात त्यांच्या नावाने संगीत महोत्सवही भरतो.

१९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि शकुंतला झाले. मग पुढची कितीतरी वर्षं भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा एकाहून एक नायिका त्यांनी रंगमंचावर उभ्या केल्या. त्यांचं नेसणं, त्यांची केशरचना बघून खऱ्याखुऱ्या बायका तशा नेसू लागल्या! एक पुरुष बायकांना साडी कशी नेसावी ते शिकवतोय, अशी ही उलटी गोष्ट. भरजरी शालूत ते जितके शोभत, तितकेच ‘एकच प्याला’ (१९१९) नाटकातल्या गरीब सिंधूच्या ठिगळं लावलेल्या लुगड्यातही शोभत. कपड्याची किंमत त्यांना ठाऊक होती, पण अभिनय कपड्यात नसतो हेही ठाऊक होतं.

१२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. तरीही प्रयोग झाला. लोक भामिनीकडे बघून आनंदाने माना डोलावत होते, आणि भामिनीच्या शालूआड एक बाप आपलं दुःख गिळून गात होता. दोस्तांनो, वेषाच्या आत माणूस असतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

मग ते सिनेमात आले. १९३५ साली प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले. या वेळी मात्र पुरुषवेषात! पण ज्यांना लोकांनी आयुष्यभर भामिनी आणि रुक्मिणी म्हणून पाहिलं, त्यांना धोतरात बघणं लोकांना रुचेना. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेषात आले, पण चित्रपटाचं जग त्यांना मानवलं नाही. रंगमंच दूर असतो, कॅमेरा मात्र अगदी नाकाजवळ येतो. शिवाय तोपर्यंत पडद्यावर खऱ्या स्त्रिया आल्या होत्या.

रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘बालगंधर्व’ हा चित्रपट २०११ साली आला. सुबोध भावे त्यात बालगंधर्व झाले आहेत. या चित्रपटाला रंगभूषेसाठी, वेषभूषेसाठी आणि आनंद भाटे यांच्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. हा चित्रपट बघताना एक प्रयोग करून बघा. सुबोध भावे पहिल्यांदा साडीत समोर येतात, तेव्हा आजूबाजूच्यांकडे बघा. कुणी हसतं का? नाही हसत. का बरं? कारण कॅमेराच हसत नाही! तो आदराने बघतो, म्हणून आपणही आदराने बघतो. साडी तीच, नेसणारा पुरुषच. पण बघण्याची नजर बदलली की हसूच येत नाही.

राजा व्हायचं होतं, पण...

याच रवी जाधवांचा आधीचा चित्रपट म्हणजे ‘नटरंग’ (२०१०). आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा. तो थोड्या मोठ्या मुलांनी, घरच्यांबरोबर बसून बघावा असा आहे. अतुल कुलकर्णी यांनी त्यात गुणा कागलकर हा शेतमजूर रंगवला आहे. गुणा चांगला पिळदार पहिलवान गडी आहे. विहिरीवर पंप बसतो आणि त्याची मजुरी जाते. तमाशाचं वेड असलेला गुणा मित्रांना घेऊन फड उभा करतो. त्याला वगात राजा व्हायचं असतं. पण फडात नाच्या हवा अशी अट पडते, आणि नाच्या व्हायला एकही जण तयार होत नाही. शेवटी फड वाचवायला गुणा स्वतः नाच्या होतो.

पुढे काय होतं? फड गाजतो आणि गुणाचं घर मोडतं. बायकोला, मुलाला, सासऱ्याला लोक टोचून टोचून बोलतात. ज्याचा दंड बघून गाव दबकत होतं, त्याला तेच गाव आता हिणवतं. दंड तर तोच आहे! बदललं काय? नुसती चाल, नुसता हातवारा. एका हातवाऱ्याने माणसाची सगळी किंमत उतरते, असं मानणारं गाव या चित्रपटात आपल्यासमोर आरशासारखं उभं राहतं.

तुम्ही म्हणाल, काका, ही तर कादंबरीतली गोष्ट. मग खरी ऐका. कोल्हापूरचे गणपत पाटील हे मराठी तमाशापटांत वर्षानुवर्षं नाच्याचं काम करत. त्यांची लकब महाराष्ट्रभर माहीत होती. ते पडद्यावर आले की थिएटरमध्ये शिट्ट्या पडायच्या. प्रत्यक्षात ते संसारी गृहस्थ, मुलाबाळांचे वडील होते. पण लोकांनी भूमिकेलाच माणूस समजायचं ठरवलं. टोमणे पडद्यावरून रस्त्यावर आले आणि रस्त्यावरून घरात, मुलांपर्यंत गेले. २००८ साली ते वारले, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या अभिनयाची वाहवा केली. हीच वाहवा करता करता त्यांच्या मुलाबाळांना सुखाने जगू दिलं असतं तर?

धुळ्याच्या दोस्ता, ‘ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच का चिडवतात’ हा तुझा प्रश्न किती जुना आहे बघ!

मग हसायचंच नाही का?

हसायचं की! मनसोक्त हसायचं. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) कितीदा पाहिलात? मी तर मोजणं सोडून दिलंय. भाड्याने खोली मिळावी म्हणून सचिन सुधा होतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होतो. आपण हसतो ते त्यांच्या फजितीला. आता सापडणार, आता पितळ उघडं पडणार, या धाकधुकीला. तेच अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’ या नाटकाचं. विजय चव्हाणांची मावशी रंगमंचावर आली की आजीपासून नातवापर्यंत सगळे हसून बेजार व्हायचे. मूळ इंग्रजी नाटक ‘चार्लीज आंट’ १८९२ सालचं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं लोक याच फजितीला हसताहेत.

यात खडा कुठेच नाही, कारण बाईसारखं असणं ही वाईट गोष्ट आहे असं हे नाटक-सिनेमे म्हणत नाहीत. उलट सुधा आणि पार्वती किती हुशारीने संकटातून सुटतात! पण काही विनोदी कार्यक्रम असेही असतात, की ज्यात पुरुषाला साडी नेसवली की विनोद संपला. तो मूर्ख दाखवायचा, त्याला ढकलायचं, त्याच्या अंगावरून चेष्टा करायची. तिथे हसण्याआधी क्षणभर थांबा. आपल्या हातात हळूच खडा तर कुणी दिला नाही ना, ते बघा.

एक तराजू, दोन मापं

आता उलट बाजू बघू. १९३५ साली ‘हंटरवाली’ नावाचा चित्रपट आला. नादिया नावाची नटी त्यात पुरुषी पेहरावात, मुखवटा लावून, हातात चाबूक घेऊन गुंडांना लोळवते. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. १९५३ साली सोहराब मोदींनी ‘झाँसी की रानी’ काढला. राणी लक्ष्मीबाई पुरुषी वेषात घोड्यावर बसली की आजही आपल्या अंगावर काटा येतो. आपण कौतुकाने तिला काय म्हणतो? मर्दानी!

आणि मुलगा साडी नेसला की? बायल्या!

हे दोन शब्द वहीत शेजारी शेजारी लिहा आणि नीट बघा. बाईने पुरुषाचा वेष घेतला तर ती वर चढली आणि पुरुषाने बाईचा वेष घेतला तर तो खाली उतरला, असा त्यांचा अर्थ होतो. म्हणजे मुळात कोण वर आणि कोण खाली हे आपण मनात आधीच ठरवून ठेवलंय! त्या मुलाला ‘तारा’ म्हणून चिडवणारी मुलं नकळत आपल्या आईला, बहिणीला आणि त्या नाटिका बसवणाऱ्या बाईंनाही कमी लेखतात. आपल्या आईसारखं दिसणं ही शिवी कशी काय होऊ शकते? मला तर हे कोडं आजपर्यंत सुटलेलं नाही.

शिवाय ‘मर्दानी’ म्हणतानाही एक चूक होतेच. राणी शूर होती ती मर्दासारखी होती म्हणून नव्हे. ती शूर होती, बस्स. शौर्याला मिशी असायलाच हवी असं कुठे आहे?

या संदर्भात आपल्या खानदेशच्या एका लेकीची आठवण येते. स्मिता पाटील. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातले स्वातंत्र्यसैनिक आणि नेते. अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात (१९५५ ते १९८६) तिने जे केलं ते अनेकांना शंभर वर्षांत जमणार नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या काळातल्या नटी हंसा वाडकर यांच्या आठवणींवर तो आधारलेला आहे. नायिका पडद्यावर सतत वेष बदलते आणि घरी येऊनही प्रत्येकाला तिच्याकडून एक ठरलेली भूमिकाच हवी असते. मुलगी अशी हवी, बायको तशी हवी. मग खरी मी कुठली, असं तिला वाटत राहतं. हा मोठ्यांचा सिनेमा आहे. तुम्ही कॉलेजात गेल्यावर बघा. आई-बाबांनी मात्र आज बघायला हरकत नाही.

वेष उतरल्यावर

दूरदर्शनवरच्या ‘महाभारत’ मालिकेतला (१९८८ ते १९९०) अर्जुन तुम्ही पुन्हा दाखवलेल्या भागांत पाहिला असेल. अज्ञातवासाच्या वर्षात तो विराट राजाच्या घरी बृहन्नडा होऊन राहतो आणि उत्तरेला नृत्य शिकवतो. पायांत चाळ बांधले म्हणून त्याचा नेम चुकू लागला का? युद्धाची वेळ आली तेव्हा शमीच्या झाडावरून धनुष्य काढून लढला तो कोण? जो नाच शिकवत होता तोच! महाभारत रचणाऱ्यांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. आपल्याला मात्र आठवीतला मुलगा तारामती झाला की विचित्र वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती नीट समजून घ्या. नटाचा वेष ही भूमिका असते. खेळ संपला की तो वेष उतरतो. तेवढ्यावरून तो माणूस कसा आहे याचा निकाल कुणी लावू नये. पण काही माणसं अशी असतात, की जन्माच्या वेळी लोकांनी त्यांना मुलगा म्हटलेलं असतं आणि त्यांना आतून, अगदी खोलवर, आपण स्त्री आहोत असं वाटतं. किंवा याच्या उलट. त्यांचा वेष हे सोंग नसतं; तेच त्यांचं खरं असणं असतं. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तृतीयपंथी नागरिकांची ओळख मान्य केली. त्या लढ्यात उतरलेल्या श्रीगौरी सावंत यांच्या आयुष्यावर ‘ताली’ ही वेबमालिका २०२३ साली आली. त्यात सुश्मिता सेन यांनी काम केलं आहे, आणि दिग्दर्शक कोण? पुन्हा रवी जाधवच! ‘नटरंग’ ते ‘बालगंधर्व’ ते ‘ताली’. एकाच दिग्दर्शकाने एकच प्रश्न तीनदा तीन बाजूंनी बघितला.

आणि पडद्याबाहेरची बातमी तर आपल्या जळगाव तालुक्यातलीच आहे. भादली बुद्रुक गावात अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, तो नामंजूर झाला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवायला परवानगी दिली, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडूनही आल्या. गावातल्या मतदारांनी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसांनी, त्यांना मतं दिली. खडे मारणारं गाव असतं तसं मतं देणारंही गाव असतं बरं का!

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर

तर धुळ्याच्या माझ्या दोस्ता, तू भाग घे. जरूर घे. बाई पुन्हा स्त्रीची भूमिका देत असतील आणि ती तुला आवडत असेल तर तीच कर. मावळा व्हावंसं वाटलं तर मावळा हो. निवड तुझी. पण चिडवतात म्हणून सोडू नकोस. तुझ्यामागे रांग केवढी मोठी आहे बघ. पहिली तारामती अण्णा साळुंके त्या रांगेत आहेत, बालगंधर्व आहेत. फार काय, अर्जुनही आहे!

चिडवणाऱ्यांना काय सांगशील? भांडू नकोस. “होय, मी तारामती होतो, आणि तुझी आई माझं काम बघून रडली होती,” एवढंच सांग. नाहीच थांबले, रोजचा त्रास झाला, तर गप्प बसू नकोस. वर्गशिक्षकांना आणि घरी सांग. सांगणं म्हणजे चुगली नव्हे.

आणि बाबा, तुम्हीही हे वाचत असाल. मुलाला लोक हसतील ही तुमची काळजी मला समजते. ती मायेपोटीच आहे. पण मुलाची कला बंद केल्याने हसणारे थांबत नाहीत, ते फक्त दुसरं कारण शोधतात. यंदा गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसा आणि सगळ्यांत आधी टाळी तुमची पडू द्या. वर्गातली निम्मी चेष्टा तिथेच विरून जाईल.

बाकीच्या दोस्तांनो, तुम्हाला या आठवड्याचा गृहपाठ. एखादा जुन्या काळावरचा सिनेमा किंवा मालिका बघा, ज्यात कुणी वेष बदलतं. मग वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. एक, कॅमेरा त्या पात्राकडे बघून हसतोय की त्याच्या बाजूने उभा आहे? दोन, वेष बदलल्यावर पात्राची अक्कल आणि हिंमत शाबूत ठेवली आहे की काढून घेतली आहे? तीन, मी हसलो ते नेमकं कशाला? उत्तरं मला पाठवा. निवडक उत्तरं पुढे आपण या सदरात वाचू.

आणि हो, तमाशातल्या त्या काकांना मी त्या दिवशी ‘चुकलं’ म्हटलं नाही. एसटी निघून गेली. आज इतक्या वर्षांनी तुमच्यासमोर म्हणतो.

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत खूप सिनेमे बघा, पोट दुखेपर्यंत हसा. पण खडा मारू नका. डोळ्याला लागतो.

तुमचा,
सिनेमावाला काका